नवं संगीत शोधायचंय? श्रोत्यांचा माग काढा

बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट गाणी विकत घेण्याच्या वेबसाइटवर एखादा अल्बम आवडला की त्याच्या पानावर ‘सपोर्टेड बाय’ शोधा. त्याखाली तो विकत घेतलेल्यांची छोटी चित्रं असतात. एकावर क्लिक केलं की त्या माणसाचा संग्रह उघडतो. पदरचे पैसे मोजून जमवलेली गाणी ही, म्हणून माझा यांच्यावर जास्त भरवसा. दोन-तीन संग्रहांत तेच अनोळखी नाव दिसलं तर आधी ते ऐका.

पुढे पाठवताना ग्रुपवर नुसती लिंक टाकू नका, ती वाहून जाते. एकाच मित्राला एकच गाणं पाठवा, सोबत एक ओळ: ‘दुसऱ्या मिनिटाला बासरी येते, तिथे थांब.’

खरेदी शक्यतो ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला करा. २०२० पासून अशा ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते. एरवी डिजिटल विक्रीवर तो साधारण १५ टक्के असतो.