सोरायसिसवर घरगुती उपाय करताय? या चुका टाळा

थंडी सुरू झाली की साताऱ्याकडे कोपर, गुडघे आणि टाळूवरचे चट्टे उकलायला लागतात आणि घरोघरी तेलं, लेप, काढे निघतात. यातले बरेच उपाय फसतात ते औषधाच्या दोषाने नव्हे, तर लावताना कातडी दुखावल्यामुळे.

निरोगी त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तेच काम तीन-चार दिवसांत उरकतं. जुन्या पेशी गळण्याआधीच नव्या वर येतात आणि चंदेरी खपल्या साचतात. हे शरीराच्या अतिउत्साही प्रतिकारशक्तीमुळे होतं, अस्वच्छतेमुळे नाही, आणि ते कुणाला लागतही नाही. तेलाने किंवा लेपाने हा आजार मुळापासून जात नाही. खपली मऊ पडते, खाज कमी होते, भेगा बुजतात. रात्रीची झोप लागायला तेवढंही पुष्कळ आहे.

खपली खरवडू नका

बंबातलं कढत पाणी आणि वजरी ही जोडी सर्वांत नुकसान करते. खपली ओढून काढली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. जिथे ओरखडा उठतो, तिथे साधारण दोन आठवड्यांत नवा चट्टा येऊ शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात. उसाच्या पाल्याने हात चिरले जातात तिथेही हेच घडतं, म्हणून फडात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच. घट्ट नाडी किंवा पट्टा रोज एकाच जागी घासत असेल तर तिकडेही लक्ष द्या.

दुसरी चूक क्रमाची. आपल्याकडे आधी तेल आणि मग साबण लावून अंघोळ, अशी सवय असते. लावलेलं तेल साबणाबरोबर वाहून जातं आणि कातडी आणखी कोरडी पडते. त्याऐवजी कोमट पाण्याने दहा मिनिटांत अंघोळ उरका, टॉवेलने अंग घासू नका, नुसतं टिपा आणि त्वचा ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. जत-आटपाडीकडे बोअरचं पाणी जड असेल तर साबण फक्त काखा, जांघा आणि पायांपुरता वापरा.

टाळूसाठी रात्री भांग पाडून, केसांना नाही तर कातडीला, एक-दोन चमचे कोमट खोबरेल लावा. सकाळी कोल टारचा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुवा. सुटलेली खपली कंगवा आडवा धरून अलगद काढा. चिकटलेली असेल तर तशीच राहू द्या.

बिब्बा, लिंबू, बावची

बिब्ब्याने कातडीवर फोड येतात. लिंबू आणि व्हिनेगर भेगांमध्ये झोंबतात, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. बावचीच्या बाबतीत जास्त जपा. तिच्यात सोरालेन असतं, जे उन्हाबरोबर त्वचेवर जोरात काम करतं. दवाखान्यात सोरालेन आणि अतिनील किरण मोजून देतात. घरी बावचीचं तेल लावून अंगणात बसलं तर मात्रेचा अंदाज राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड उठतात.

कडुनिंबाचं तेल निव्वळ लावू नका. एक चमचा तेल दहा चमचे खोबरेलात मिसळा. कोणतंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघा.

कोरफडीचं पान कापलं की पिवळा चीक निघतो आणि आग तोच करतो. पान पंधरा मिनिटं कापलेली बाजू खाली करून उभं ठेवा, धुवा आणि मगच आतला पारदर्शक गर घ्या.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिचा लेप चट्ट्यावर लावताना जपूनच. वाळलेला लेप कातडी ओढतो, काढताना घासावं लागतं, आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की उतरतेय हे कळत नाही. भाजीतली हळद चालू ठेवा. मिरीच्या अर्कासह येणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलमुळे मात्र काहींच्या यकृताला इजा झाली आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

कोवळं ऊन

सूर्योदयाच्या उन्हात सोरायसिसला उपयोगी पडणारे किरण फारसे नसतात. साडेदहाच्या सुमारास फक्त चट्ट्यांवर पाच मिनिटं ऊन घ्या, त्वचा लाल होत नसेल तरच दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवा. कातडी भाजली तर चट्टे वाढतात. उन्हाने त्रास वाढणाऱ्यांनी हा उपाय करू नये.

गुळवेल आणि पुड्या

'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून गुळवेलीचा काढा देणं उलटं पडू शकतं, कारण इथे प्रतिकारशक्ती आधीच जास्त जागी आहे. शिवाय गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तर तिच्यापासून आणि दारूपासून लांबच राहावं. ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेलं आहे.

नाव-गाव नसलेल्या पुडीने आठवड्यात अंग साफ झालं, तर आनंदाआधी शंका घ्या. तिच्यात स्टिरॉइड असू शकतं. चेहरा सुजणं, साखर वाढणं ही त्याची लक्षणं. अशी पुडी किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम बंद केल्या तर अंगभर लाली किंवा पुवाचे फोड उसळू शकतात, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करत न्या. अंगभर लालसर होऊन थंडी वाजली तर थेट रुग्णालयात जा.

तेलाचं काम नाही तिथे

सकाळी अर्धा तासापेक्षा जास्त बोटं आखडलेली राहतात, एखादं बोट सॉसेजसारखं सुजतं, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात: हे सांध्यांपर्यंत पोचलेलं असू शकतं. झिजलेला सांधा परत भरत नाही, त्यामुळे इथे लेप बदलत बसू नका. मुलांच्या अंगावर घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत थेंबांसारखे चट्टे उठले तर घसाही तपासून घ्या.

मिरजेच्या शासकीय रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोग तज्ज्ञाकडे जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, तेलं, पुड्या पिशवीत घालून न्या. त्या दिवशी सकाळी चट्ट्यांवर काहीच लावू नका. तेलाने खपली मऊ पडली की सोरायसिस आणि गजकर्ण यांतला फरक नजरेला ओळखू येत नाही, आणि गजकर्णावर चुकून स्टिरॉइडचं मलम लागलं तर ते पसरतं.