ताळा कोणी करायचा?

"मॅडम, बरोबर आहे ना?"

शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा एका तासाला मी सहज हा प्रश्न मोजला. बारा मुलांचा गट, पंचेचाळीस मिनिटं, आणि प्रश्न आला एकतीस वेळा. उत्तर काढून झाल्यावर विचारला असता तर समजण्यासारखं होतं. पण इथे ओळीगणिक चाललं होतं. समीकरण मांडलं, बरोबर आहे ना? पद पलीकडे नेलं, बरोबर आहे ना? मी एकतीस वेळा मान हलवली होती आणि वर आपण किती लक्ष देऊन शिकवतो याचं मनातल्या मनात कौतुकही करून घेतलं होतं.

मी गणित शिकवते. या विषयात उत्तर बरोबर की चूक हे सांगायला बहुतेक वेळा शिक्षक लागतच नाही. लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार १५६ आहे, त्या संख्या कोणत्या? ११ आणि १२ आल्या तर गुणून पाहायचं. १३२ येतात, म्हणजे कुठेतरी चुकलं. १२ आणि १३ घेतल्या की जुळतं. हे माझ्या सगळ्या मुलांना येत होतं. 'ताळा करून दाखवा' असं प्रश्नात छापलेलं असलं की बिनचूक करायची. छापलेलं नसलं की वही घेऊन माझ्याकडे. एका मुलीला मी कारण विचारलं तर तिने सरळ सांगून टाकलं, "मॅडम, तुमची भुवई वर गेली की मी खोडते." म्हणजे उत्तरसूची माझ्या चेहऱ्यावरच छापलेली होती. ताळा करायला एक मिनिट लागतं, चेहरा बघायला अर्ध सेकंद. मुलं काही आळशी नव्हती, व्यवहारी होती.

तुम्ही नव्याने शिकवायला लागला असाल, मग ती शाळा असो, शिकवणी असो की कामावर नवीन आलेल्यांना तयार करण्याची जबाबदारी असो, 'विद्यार्थी स्वावलंबी झाला पाहिजे' हे वाक्य तुमच्या कानावर आलं असेलच. माझ्याही आलं. आणि ते मनावर घेऊन मी जे केलं, ते तुम्ही करू नये म्हणून आधी सांगते.

मी एक महिना मुलांना मोकळं सोडलं. विषय तुम्ही निवडा, गती तुमची, मी फक्त मागे उभी राहीन, विचारणार नाही, तपासणार नाही. तीन मुलं भराभर पुढे गेली. खरं सांगायचं तर ती माझ्याशिवायही गेली असती. एकाने आधीपासून येत असलेल्या एकाच प्रकारची चाळीस गणितं सोडवली. एकीने सोडवलेली उदाहरणं सुंदर अक्षरात उतरवून काढली. आणि एक अबोल मुलगा दोन आठवडे काहीच न करता बसून राहिला. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण मी विचारणार नाही हे मीच जाहीर केलं होतं. स्वातंत्र्य देतेय अशा समजुतीत मी त्याला वाऱ्यावर सोडलं होतं. तो महिना आठवला की अजून ओशाळायला होतं.

नंतर वाचताना कळलं की हा घोळ माझ्या एकटीचा नाही. शिक्षणाचे अभ्यासक जेरल्ड ग्रो यांनी १९९१ मध्ये स्वयंनिर्देशित शिक्षणाच्या, म्हणजे स्वतःचं शिकणं स्वतः चालवण्याच्या, चार पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरचा शिकणारा पूर्ण अवलंबून असतो, चौथ्यावरचा स्वतःचा स्वतः चालतो. अवलंबून असलेल्या मुलाला हात सोडून देणारा शिक्षक मिळाला, की जोडी सर्वांत वाईट जुळते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या संशोधकांनी २००६ मध्ये जवळपास हेच अधिक कडक शब्दांत म्हटलं: अगदी नवशिक्याला कमीत कमी मार्गदर्शनात सोडलं तर त्याची सगळी बौद्धिक ताकद चाचपडण्यातच खर्च होते, शिकायला उरत नाही.

मला खरी वाट दाखवली ती लहान मुलांवरच्या एका जुन्या अभ्यासाने. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये तीन, चार आणि पाच वर्षांच्या ३० मुलांना लाकडाचे २१ ठोकळे एकमेकांत बसवून पिरॅमिड करायला दिला. शिकवणारी बाई प्रत्येकाला गरजेपुरतीच मदत करायची. तीन वर्षांच्या मुलाला आधी खेळात ओढून घ्यावं लागायचं, करून दाखवावं लागायचं. चार वर्षांच्याला शब्दांनी सुचवलं की पुरायचं. पाच वर्षांच्याकडे तिचं काम मुख्यतः 'हो, जमलंय' एवढं सांगण्याचं उरायचं. या मदतीला त्यांनी बांधकामाच्या परांचीचं नाव दिलं. इमारत उभी राहते तशी परांची थोडी थोडी उतरवत न्यायची असते. मी मात्र दोनच गोष्टी करत होते. एक तर परांची कायम ठेवत होते, नाहीतर एका दिवसात सगळी पाडत होते.

त्या अभ्यासातली माझ्या उपयोगाची गोष्ट मात्र दुसरीच होती. पाच वर्षांच्या मुलालाही शेवटपर्यंत जी मदत लागते ती असते दुजोऱ्याची. म्हणजे 'बरोबर आहे ना?' हा प्रश्न आपोआप गळून पडत नाही. तो मुद्दाम मुलाच्या हाती सोपवावा लागतो.

शिकताना निर्णय बरेच असतात: काय शिकायचं, कसं, किती वेळ, अडलं तर कुठे जायचं, झालं कधी म्हणायचं, आणि झालेलं बरोबर आहे का. मी आता एका वेळी एकच सोपवते आणि सुरुवात शेवटच्यापासून करते. इतरांनी वेगळा क्रम लावला तरी माझी हरकत नाही, पण ज्याला स्वतःचं काम जोखता येत नाही त्याला काय शिकायचं ते निवडायला लावणं मला उलटं वाटतं. तो निवडणार कशाच्या आधारावर?

करते ते असं. उत्तराखाली 'कशावरून?' या शब्दापुढे एक ओळ लिहिलेली नसेल तर वही बघत नाही. ती ओळ चुकीची असली तरी चालते, रिकामी चालत नाही. भाषा शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला वाटायचं की निबंधाचा कसला ताळा? मग तिने उलट्या टोकाने सुरुवात केली. लिहायच्या आधी मुलांना तीन तयार निबंध द्यायचे, क्रम लावायला सांगायचा आणि कारणं लिहून घ्यायची. त्या कारणांचीच यादी मुलांची फूटपट्टी झाली. स्वतःचा निबंध देण्यापूर्वी त्याच यादीवर तो घासून पाहायचा.

पहिले दोन-तीन आठवडे कुरकुर होते. "मॅडम हल्ली शिकवतच नाहीत" हे वाक्य घरापर्यंत पोचतं आणि घरून फोन येतो. मला आला होता. आता मी पालकांना सुरुवातीलाच सांगून ठेवते.

सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलून टाकतात असं त्यांना दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं तोंड उघडतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? वर्गात उभं राहून मनात मोजून बघा. मी दुसऱ्या सेकंदालाच खडू फिरवायला लागायचे. रो यांनी सांगितलेली दुसरी शांतता तर आणखी अवघड: मुलाचं उत्तर आल्यानंतरची. तिथे लगेच 'छान' म्हटलं की विचार तिथेच थांबतो. गप्प राहिलं की मूल स्वतःच पुढे जोडतं, 'म्हणजे... नाही, थांबा.' त्या 'थांबा'साठी जीभ चावून बसावं लागतं. आणि हो, भुवईसुद्धा आवरावी लागते.

नवीन प्रकारचं गणित मात्र मी अजूनही पूर्ण सोडवून दाखवते, त्यात संकोच करत नाही. पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी कोरी, त्याच्या पुढच्यात शेवटच्या दोन कोऱ्या, असं मागून मागून काढत जाते. सुरुवात कोरी ठेवली तर मूल दारातच अडतं. शेवट कोरा ठेवला तर निदान घरात आलेलं असतं.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल मुलांशी वाद घालू नका, प्रयोग करून दाखवा. 'चार वेळा वाचलंय मॅडम' याला तोंडी उत्तर नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एकाच उताऱ्याचं चार वेळा वाचन केलेल्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवलं. एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिलेल्यांना ६१ टक्के. गंमत अशी की आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. मी हे सांगत बसत नाही. अर्धा वर्ग वाचतो, अर्धा वही मिटून लिहितो, आठवड्याने न सांगता चाचणी. आकडे फळ्यावर मुलंच लिहितात.

त्याच सुमारास चाचणीच्या कागदाच्या कोपऱ्यात 'मला किती मिळतील' हा आकडा लिहायला लावते. त्या आकड्याला गुण नसतात. वीसपैकी अठरा लिहून नऊ मिळालेल्या मुलाला मी काही म्हणत नाही. तो स्वतःच दोन आकड्यांकडे बघत बसतो.

वेळापत्रकांबद्दल थोडक्यात: रंगीत तक्ते मी पाहत नाही. आज काय संपवणार, किती वेळ लागेल असं वाटतं, प्रत्यक्षात किती लागला, या तीन गोष्टी एका ओळीत लिहिल्या तरी पुरे.

त्या अबोल मुलामुळे एक नियम पक्का झाला. पंधरा मिनिटं अडलात तर विचारलंच पाहिजे. न विचारणं म्हणजे स्वावलंबन नव्हे. फक्त 'येत नाही' हा प्रश्न म्हणून चालत नाही. कुठपर्यंत आलं, काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं, हे लिहून आणायचं. निम्मी मुलं लिहिता लिहिताच परत फिरतात, "राहू द्या, कळलं." मागचं सगळं जमत असलेलं मूल नवा धडा सुरू झाला की पुन्हा ओळीगणिक विचारायला लागतं. बीजगणितात पटाईत असलेली मुलगी भूमितीत पहिल्या पायरीवर येते. अशा वेळी परांची पुन्हा बांधायची. त्यात तिचं काही घसरलेलं नसतं.

भुवई बघून खोडणाऱ्या त्या मुलीची वर्षअखेरची उत्तरपत्रिका मला नीट आठवते. पाचव्या प्रश्नाचं तिचं उत्तर चुकलं होतं. खोडलं मात्र नव्हतं. खाली लिहिलं होतं: 'ताळा जुळत नाही. चूक तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये असावी. शोधायला वेळ उरला नाही.' चूक खरोखरच तिथे होती, चिन्हाची. गुणांच्या तक्त्यात मांडणीला दोन, रीतीला दोन, उत्तराला एक. त्या ओळीसाठी रकानाच नव्हता. मी पट्टी घेऊन समासात एक आखला.