मर्यादित युद्धामागचे जनमत कसे अभ्यासावे : कारगिलचे उदाहरण

मर्यादित युद्धात सरकारला लोकांकडून दोन गोष्टी हव्या असतात. त्यांनी लढाईच्या पाठीशी उभे राहावे आणि ठरलेल्या मर्यादेवर थांबणेही मान्य करावे. यांतली दुसरी गोष्ट मिळवणे जास्त अवघड असते. ती कशी साधली जाते हे समजून घ्यायचे असेल, तर १९९९ च्या मे ते जुलैमधली, म्हणजे कारगिल युद्धाच्या काळातली वृत्तपत्रे वाचनालयात बसून तारखेच्या क्रमाने वाचावीत. आठवणींची पुस्तके नंतर वाचावीत, कारण ती लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो.

प्रथम उद्दिष्ट कोणत्या शब्दांत मांडले आहे ते टिपून ठेवावे. कारगिलमध्ये ते 'घुसखोरांना हुसकावून लावणे' एवढेच होते. त्यामुळे शिखर परत मिळाले की यश दाखवता येत होते आणि तिथे थांबताही येत होते. २६ मे रोजी हवाई दल उतरवले गेले, तेव्हाही नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असाच आदेश होता. दुसऱ्याच दिवशी दोन विमाने गमावूनही तो बदलला नाही. या संयमामुळे जगाचे मत भारताच्या बाजूने झुकले, हे खरेच आहे. मात्र शत्रूला पलीकडून कोंडीत पकडणे शक्य नसल्यामुळे तोलोलिंगसारख्या उघड्या चढणीवर जवानांना समोरून येणारा गोळीबार झेलत वर जावे लागले. संयमाची ही किंमत लोकांना कितपत सांगितली गेली, हे माझ्या मते या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे टिपण ठरावे.

त्यानंतर पुरावा केव्हा बाहेर आला ते पाहावे. पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ बीजिंगमध्ये असताना त्यांचे रावळपिंडीतले लष्करी सहकारी जनरल मोहम्मद अझीझ यांच्याशी झालेले दूरध्वनी संभाषण मे अखेरीचे होते, पण सरकारने ते ११ जून रोजी, म्हणजे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत येण्याच्या आदल्या दिवशी, प्रसिद्ध केले. घुसखोरीमागे पाकिस्तानी लष्कर आहे, हे तोवर सरकार सांगत होते. आता लोकांनी ते मुशर्रफ यांच्याच तोंडून ऐकले. पुरावा अस्सल होता आणि त्याची वेळही विचारपूर्वक निवडलेली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

सर्वाधिक वेळ अंत्ययात्रांच्या बातम्यांना द्यावा. आधीच्या युद्धांत बहुतेक जवानांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत असत. या वेळी पार्थिव घरी पाठवले गेले. फुलांनी झाकलेली लष्करी गाडी, रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली शाळेची मुले, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीवर हात ठेवून बसलेली आई, ही दृश्ये महाराष्ट्रातल्या गावांनीही पाहिली. अशा गावाला युद्ध पटवून देण्याची गरज उरत नाही, ते त्याचेच झालेले असते. त्या दुःखाकडे केवळ प्रचार म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. तरीही पार्थिव घरी पाठवणे हा निर्णय होता आणि त्याचा परिणाम नोंदवायलाच हवा.

काय ऐकू दिले गेले नाही, याचीही वेगळी नोंद ठेवावी. पाकिस्तानी दूरदर्शनचे केबलवरील प्रसारण बंद करण्यात आले होते. वाजपेयी यांचे सरकार एप्रिलमध्ये एका मताने पडल्यामुळे काळजीवाहू होते, लोकसभा विसर्जित झाली होती आणि राज्यसभेचे विशेष अधिवेशन बोलावण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नव्हती. सरकारला भर युद्धात संसदेत उत्तरे द्यावी लागली नाहीत, ती अशी.

शेवटी युद्धानंतरची कागदपत्रे हाती घ्यावीत. २६ जुलै रोजी लढाई संपली, ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले होते, आणि तीनच दिवसांनी संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल पुनर्विलोकन समिती नेमली गेली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला, तो सुरक्षेच्या कारणास्तव काही भाग गाळून. वाचताना मे महिन्याची कात्रणे शेजारी उघडी ठेवावीत आणि घुसखोरीची खबर वेळेत का लागली नाही, याबद्दल दोन्हींकडे काय लिहिले आहे ते ओळ-ओळ ताडून पाहावे.