लिनक्सवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क मध्येच गायब होतेय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मोठी फाइल कॉपी होत असते, निम्म्यावर सगळं अडकतं आणि डिस्क फाइल मॅनेजरमधून नाहीशी होते. केबल काढून परत लावली की चालू, दोन दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी कोणी ‘डिस्क गेली’ म्हणतं, कोणी लिनक्सला शिव्या घालतं. पण डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये केबल असते, वीजपुरवठा असतो आणि केसमधली एक छोटी ब्रिज चिप (डिस्क यूएसबीला जोडून देणारी) असते. दुखणं बऱ्याचदा तिथेच निघतं.

लॉग न वाचता दुरुस्तीला लागणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डिस्क गायब झाली की आधी ‘डीमेसेज’ ही कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग दाखवणारी कमांड सुडोसकट, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, चालवा (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची: sudo dmesg) आणि शेवटच्या ओळी वाचा. ‘रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस’ किंवा ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ वारंवार दिसत असेल तर संशय केबल, वीज आणि चिप यांच्यावर घ्या. ‘मीडियम एरर’ किंवा ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ आलं, तर मात्र डिस्कलाच सेक्टर वाचता येत नाहीयेत. नुसतं ‘आय/ओ एरर’ दोन्हीमुळे येतं, म्हणून त्याच्या वरच्या ओळी बघा. तुटक्या कनेक्शनवर एफएसचेक (fsck, फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवला तर तो मध्येच तुटतो आणि फाइल सिस्टीम होती त्याहून वाईट अवस्थेत जाऊ शकते.

विजेचा हिशेब न करणं

यूएसबी 2.0 पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यावेत असं मानक सांगतं, 3.0 ने 900. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना याहून जास्त ओढू शकते. रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरवर चारही पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच मिळतात. पाय 5 ला 5 अँपिअरचा चार्जर नसेल तर सगळ्या पोर्टना मिळून फक्त 600 मिलिअँपिअर. तरीही लोक त्यावर दोन डिस्क टांगतात! स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. बिनअडॅप्टरच्या हबने काही साधत नाही, तो आहे तीच वीज वाटून देतो.

यूएएसकडे दुर्लक्ष

वीज आणि केबल दोन्ही चांगली, तरी भार वाढला की रीसेट? मग ‘एलएसयूएसबी -टी’ (lsusb -t) बघा. ड्रायव्हरपुढे ‘यूएएस’ लिहिलं असेल तर गुन्हेगार तोच असू शकतो. यूएएस हा यूएसबी डिस्कशी बोलण्याचा प्रोटोकॉल जुन्यापेक्षा वेगवान आहे, पण काही ब्रिज चिप त्याला पाठिंबा असल्याचं सांगतात आणि खऱ्या कामात अडखळतात. साध्या एलएसयूएसबीमधून डिस्कचा आयडी घ्या आणि कर्नलच्या बूट ओळीत ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ (usb-storage.quirks=) लिहून पुढे तो आयडी, कोलन आणि ‘यू’ (u) जोडा. मग त्या डिस्कपुरता जुना ड्रायव्हर वापरला जातो. एसएसडीचा वेग घटतो, फिरत्या डिस्कला फारसं जाणवत नाही. रास्पबेरी पायवर ही भर ‘सीएमडीलाइन’ (cmdline.txt) फाइलमध्ये घालायची. तिथला सगळा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे.

कॉपीची पट्टी भरली की केबल उपटणं

पट्टी भरली तरी डेटा अजून रॅममध्येच असू शकतो. कर्नल तो नंतर सावकाश डिस्कवर उतरवतो. रॅम भरपूर आणि डिस्क संथ असेल तर इजेक्ट दाबल्यावर काही मिनिटंही लागतात. इथे धीर सुटतो आणि एक्सफॅटसारख्या जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसलेल्या फाइल सिस्टीमवर नुकसान होतं. ‘सिंक’ (sync) ही कमांड चालवा आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका.

एफएसटॅबमध्ये ‘एसडीबी’ लिहिणं

एफएसटॅब (/etc/fstab) म्हणजे बूट होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या, म्हणजे फोल्डरला जोडायच्या, त्याची यादी. ‘एसडीबी’ (sdb) हे नाव पुढच्या बूटला बदलू शकतं, यूयूआयडी (UUID, फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक) वापरा. सोबत ‘नोफेल’ (nofail) हेही लिहा, नाहीतर डिस्क जोडलेली नसताना मशीन दीड मिनिट ताटकळून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. बॅकअप स्क्रिप्ट असेल तर आधी ‘माउंटपॉइंट’ (mountpoint) कमांडने खात्री करा. डिस्क माउंट नसेल तर आरसिंक (rsync, फाइल कॉपी करणारी कमांड) निमूटपणे रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत सुटतो आणि मुख्य डिस्क भरते.

एनटीएफएस जबरदस्तीने माउंट करणं

एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टीम. कर्नल 5.15 पासूनचा एनटीएफएस3 ड्रायव्हर ‘डर्टी’ (नीट बंद न झाल्याची) खूण असलेलं पार्टिशन माउंट करायला नकार देतो. तो अडवतोय ते बरोबरच आहे. ‘एनटीएफएसफिक्स’ (ntfsfix) ही पूर्ण दुरुस्ती नव्हे, विंडोजवर चेकडिस्क (chkdsk) चालवा. डिस्क फक्त लिनक्सवरच वापरायची असेल तर सरळ एक्स्ट4 (ext4) मध्ये फॉरमॅट करा.

स्मार्टचे आकडे चुकीचे वाचणं

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. ती वाचणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) कमांडला यूएसबी केसमधून बहुधा ‘-डी सॅट’ (-d sat) सांगावं लागतं. क्रमांक 199, म्हणजे सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडणं), वाढत असेल तर केसमधला चिप ते डिस्क हा सांधा तपासा. बाहेरची केबल बदलून उपयोग नाही. 197, म्हणजे पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले), वाढत असतील तर डिस्क लगेच अनमाउंट करा. डीडीरेस्क्यू (ddrescue) कमांडने मॅप फाइलसकट (काय वाचून झालं याची नोंद) दुसऱ्या मोठ्या डिस्कवर प्रत काढा आणि एफएसचेक चालवायचाच तर त्या प्रतीवर चालवा.