पेढी की कोर्ट : व्यवस्थापन आणि कायदा एकत्र शिकण्याआधी

खान्देशातल्या एखाद्या व्यापारी किंवा बागायतदार घरातील मूल बारावीनंतर ‘व्यवसायही शिकायचा आहे आणि वकिलीही करायची आहे’ असे म्हणते, तेव्हा घरात पहिली चर्चा होते ती महाविद्यालयाची आणि फीची. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पदवी हातात आल्यावर बसायचे कुठे, पेढीवर की कोर्टात, हा पहिला. व्यवस्थापन आणि कायदा हे विषय एकत्र शिकता येतात आणि त्यांची सांगडही चांगली बसते. परंतु व्यापार आणि वकिली हे दोन व्यवसाय एकाच वेळी करता येत नाहीत. ही गोष्ट अनेकांना सनद (वकिलीचा परवाना) घेताना, म्हणजे पाच-सहा वर्षे खर्ची पडल्यावर कळते.

वकील अधिनियम, १९६१ अन्वये बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांत नियम ४७ ते ४९ याविषयी स्पष्ट आहेत. सनदधारक वकिलाला स्वतः व्यापार करता येत नाही. एखाद्या भागीदारी पेढीत तो निष्क्रिय भागीदार, म्हणजे कारभारात भाग न घेणारा भागीदार, राहू शकतो, तेही तो धंदा वकिली पेशाच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असे राज्य बार कौन्सिलचे मत असेल तर. कंपनीच्या संचालक मंडळावर त्याला बसता येते, पण व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनीचा सचिव होता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. आपल्या भागातील घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मात्र नियम ५० आहे. वडिलोपार्जित धंदा वारशाने आला तर वकिलाला त्यात हिस्सा ठेवता येतो, पण त्याच्या कारभारात स्वतः भाग घेता येत नाही. म्हणजे जळगावची दाळमिल किंवा रावेरची केळीची पेढी वारशाने मिळाल्यावर सकाळी कोर्टात तारीख आणि दुपारी गादीवर सौदा, असे चालणार नाही.

यावरून या शिक्षणाचा उपयोग नाही असा अर्थ कोणी काढू नये. सनद न घेताही कायद्याची पदवी पेढीवर, कारखान्यात, बँकेत किंवा कंपनीच्या विधी विभागात कामी येते, आणि वकिली करणाऱ्याला व्यवस्थापनाचे ज्ञान असेल तर व्यापारी पक्षकाराचे म्हणणे त्याला दोन वाक्यांत कळते. फक्त दिशा आधी ठरलेली असावी, कारण अभ्यासक्रम कोणता निवडायचा हे त्यावर अवलंबून असते.

कोर्टाकडे जाण्याचा निश्चय पक्का असेल तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक बीबीए एलएलबी हा सरळ मार्ग आहे. त्यात लेखाशास्त्र, विपणन, मनुष्यबळ, वित्त हे विषय साधारणपणे सुरुवातीच्या वर्षांत आणि कायद्याच्या विषयांसोबतच शिकवले जातात. निश्चय डळमळीत असेल, किंवा घरचा धंदा सांभाळण्याचीच शक्यता अधिक असेल, तर मी आधी तीन वर्षांची बीकॉम किंवा बीबीए ही पदवी आणि मग तीन वर्षांची एलएलबी असा मार्ग सुचवीन. एक वर्ष जास्त जाते, पण तिसऱ्या वर्षानंतर हातात एक पूर्ण पदवी असते आणि मन बदलले तर थांबता येते. एकात्मिक अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्याला ही सोय सहसा मिळत नाही. तिसरा मार्ग, म्हणजे पाच वर्षांची बीए एलएलबी आणि त्यावर दोन वर्षांचे एमबीए, सात वर्षांचा होतो. मोठ्या कंपनीत जायचे असेल तरच तो परवडतो.

येथे एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिल्यापासून, दिवसा एलएलबी आणि दुसऱ्या महाविद्यालयात नियमित एमबीए करता येईल, असे अनेक विद्यार्थी गृहीत धरतात. पण कायद्याच्या शिक्षणाला बार कौन्सिलचे २००८ चे विधी शिक्षण नियम लागू आहेत, आणि त्यांतील नियम ६ नुसार एलएलबीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या नियमित पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव नोंदवता येत नाही. एकाच संस्थेचा एकात्मिक अभ्यासक्रम, भाषा किंवा संगणकाचे अल्पमुदतीचे अर्धवेळ वर्ग आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम एवढेच याला अपवाद आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणचा व्यवस्थापन अभ्यासक्रम एलएलबीसोबत करण्याची वाट या अपवादातून निघते. तरीही प्रवेशापूर्वी विधी महाविद्यालयाकडून त्याबाबत लेखी उत्तर घ्यावे, तोंडी होकारावर विसंबू नये. कंपनी सचिव किंवा सनदी लेखापाल संस्थेची नोंदणी असलेल्यांनीही हेच करावे, कारण नियमाची भाषा व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थांनाही स्पर्श करते. कायद्याची पदवी मात्र दूरशिक्षणाने घेऊ नये. तिच्यावर सनद मिळत नाही.

प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमांसाठी वेगवेगळ्या सीईटी घेतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न सोडू नये. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी कोणत्याही शाखेतून चालते. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा वेगळ्या स्वभावाची आहे. ती इंग्रजीतच असते, १२० प्रश्नांना दोन तास मिळतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्रातील तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. पुण्याच्या सिम्बायोसिससाठी स्लॅट ही आणखी वेगळी परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने क्लॅट देऊ नये असे मी म्हणणार नाही, पण इंग्रजी उतारे वेगाने वाचण्याची सवय दहावीनंतरच लावून घ्यावी लागेल.

आपल्या भागातील विधी महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे हे त्याचे कार्यक्षेत्र. पसंतीक्रम भरण्याआधी सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या यादीत त्या महाविद्यालयापुढे नेमके बीबीए एलएलबी लिहिले आहे की बीए एलएलबी, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. ‘दोन्ही सारखेच’ असे प्रवेशाच्या दिवसांत कोणीतरी सांगतोच. वकिलीच्या सनदेपुरते ते खरे आहे, पण ताळेबंद वाचायला शिकण्यापुरते मुळीच नाही. त्याच भेटीत बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का आणि लेखी परीक्षेचे माध्यम काय, हेही विचारून घ्यावे.

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांची तयारी अकरावीतच सुरू करावी. विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी विद्यार्थ्यांनी वैधता प्रमाणपत्राचा अर्ज शेवटच्या महिन्यापर्यंत ठेवू नये. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याची योजना ठराविक प्रवर्गांना आणि आठ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्न मर्यादेत लागू केली आहे. तिच्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो, संस्थेच्या कोट्यातून नव्हे.

आता अभ्यासाकडे वळू. दोन विषय दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून शिकणाऱ्याला पाच वर्षांनी दोन अर्धवट पदव्या मिळाल्यासारखे वाटते. माझा सल्ला असा, की रोज आपल्या आजूबाजूचा एक व्यवहार घ्यावा आणि वहीच्या डाव्या पानावर व्यवस्थापनाचे प्रश्न, उजव्या पानावर कायद्याचे प्रश्न लिहावेत. रावेर-यावल पट्ट्यातील केळीचाच व्यवहार घ्या. शेतकरी बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला उधारीवर माल देतो, व्यापारी पुढच्या तारखेचा चेक देतो आणि तो चेक पुरेशी रक्कम नाही म्हणून परत येतो. डाव्या पानावर हे यावे : या व्यापाऱ्याची पत कोणी तपासली, किती दिवसांची उधारी परवडते, एकाच गिऱ्हाइकावर हंगामाची किती रक्कम अडकू द्यावी, आणि पैसे दोन महिने उशिरा आले तर खते आणि मजुरी कुठून भागवायची. उजव्या पानावर चेक न वटण्याच्या गुन्ह्याचे, पराक्रम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ यावे. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. विलंब माफ करून घेता येतो, पण त्यासाठी न्यायालयाला पुरेसे कारण पटवावे लागते. आणि मुख्य मुद्दा : बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले तरी २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक आपल्या खात्यात वटवण्यासाठी भरला असेल, तर आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात फिर्याद चालते. रावेरच्या शाखेत खाते असलेल्या शेतकऱ्याला बऱ्हाणपूरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. हे एक पान नीट लिहिणाऱ्याला उधारी व्यवस्थापनाचा धडा आणि कलम १३८ दोन्ही वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

अशाच नोंदी जळगावच्या चटई कारखान्याच्या थकलेल्या बिलांवर करता येतील. तेथे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ लागू होतो, आणि सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. नंदुरबारच्या मिरची बाजारासाठी गोदाम उभारायला आदिवासी मालकाची जमीन बिगर-आदिवासी व्यापाऱ्याने घ्यायची म्हटले, की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ समोर येते आणि पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. कागदावर कितीही फायद्याचा दिसणारा प्रकल्प येथे कोसळतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव खोक्यावर कोण छापू शकतो, हा कायद्याचा आणि विपणनाचा एकत्र प्रश्न आहे. अमळनेरला १९४५ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीचे पुढे विप्रो कसे झाले, हे कंपनी कायदा शिकताना अभ्यासण्यासारखे घरचे उदाहरण आहे.

मार्गदर्शके नंतर वाचावीत, आधी मूळ अधिनियम वाचावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ पासून सुरुवात करावी, कारण मालविक्री, भागीदारी, कंपनी हे सगळे त्याच्याच पायावर उभे आहेत. फौजदारी विषयांची जुनी पुस्तके भावा-बहिणीकडून घेताना मात्र सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक ती चालत नाही. पहिली इंटर्नशिप मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या फर्ममध्ये मिळवण्याची धडपड मला अनाठायी वाटते. तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडे चार आठवडे बसावे, नोटिसांचे मसुदे हाताने लिहावेत, मराठीत कैफियत कशी मांडतात ते पाहावे. दुसऱ्या वर्षी एखाद्या जिनिंग कारखान्याच्या किंवा सहकारी बँकेच्या कार्यालयात, तिसऱ्या वर्षी छत्रपती संभाजीनगरला जावे, कारण आपले तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाखाली येतात आणि तेथे कामकाज इंग्रजीत चालते. विषयनिहाय ७० टक्के हजेरीची अट आहे. घरी दुकान सांभाळत ‘नावापुरते’ कॉलेज करण्याचा बेत तिच्यापुढे टिकत नाही.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून अधिक घेता येत नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते. तिला टिपणे नसलेल्या मूळ अधिनियमाच्या प्रती जवळ ठेवता येतात. न्यायाधीश होण्याचा विचार असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे, म्हणून त्या तीन वर्षांत पेढीच्या कारभारात पडू नये. आणि पेढीवर बसायचे ठरले असेल तर सनद घेण्याची घाई करू नये. ती आधीच घेतली असेल, तर बार कौन्सिलकडे स्थगितीचा लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच जपून ठेवावी आणि मगच पेढीच्या कागदांवर सही करावी.