टेकुमेलमध्ये नवे प्लेअर आणताय? तिथलं 'सगळ्यांना माहीत असतं ते' हळूहळू कसं शिकवायचं

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र (कॅरेक्टर) वठवायचा गोष्टीचा खेळ, तो चालवणाऱ्या प्रत्येक जीएमला (गेम मास्टरला) एक खाज असते, आपलं जग प्लेअर्सनी आधी वाचून यावं. मग ग्रुपवर भलीमोठी पीडीएफ पडते, खाली 'शनिवारपर्यंत वाचा रे', आणि शनिवारी कळतं की एकानेच उघडली होती, तीही नकाशा बघायला. यात प्लेअर्सचा काही दोष नाही. बोरिवलीला उतरायचं असेल तर संध्याकाळच्या विरार फास्टला चढू नये, हे मुंबईत कुणी वाचून शिकत नाही, डब्यातली माणसं शिकवतात.

मी इथे टेकुमेल या काल्पनिक जगाचंच उदाहरण घेतोय कारण तिथे हा प्रॉब्लेम सगळ्यात जास्त आहे. त्यावरचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा गेम टीएसआर कंपनीने १९७५ मध्ये काढला, म्हणजे त्यांच्याच डी अँड डीनंतर (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, या प्रकारचा पहिला गाजलेला गेम) एकाच वर्षात. लिहिणारे एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठातले उर्दूचे प्राध्यापक. त्यांच्या जगात एल्फ नाहीत, घोडे नाहीत, लोखंड दुर्मिळ, त्यामुळे इतर गेममधून आणलेलं ज्ञान इथे काही कामाचं नाही. (एक गोष्ट सुरुवातीलाच टेबलवर सांगून टाका. बार्करनी टोपणनावाने नाझी विचारांची एक कादंबरी लिहिली होती, हे टेकुमेल फाउंडेशननेच २०२२ मध्ये मान्य केलंय. कुणाला खेळायचं नसेल तर नसू दे.)

१. बोटीतून उतरवा

ही आयडिया मूळ गेममधलीच आहे आणि माझ्या मते आजही तिच्या तोडीची दुसरी नाही. कॅरेक्टर्स दक्षिणेकडून छोट्या बोटीतून त्सोल्यानू साम्राज्यातल्या जकाल्ला बंदरात येतात, परके, रानटी, कुणी ओळखत नाही. राहायचं परदेश्यांच्या वस्तीत, शहरात हवं तसं भटकायला बंदी, कुणीतरी मोठा माणूस कामावर ठेवेल याची वाट बघायची. आता प्लेअरला जे माहीत नाही ते कॅरेक्टरलाही माहीत नाही, म्हणजे 'हे काय आहे?' असं विचारणं हाच रोलप्ले झाला.

२. जिवावर बेतेल तेवढंच आधी सांगा

पहिल्या सेशनला तीन गोष्टी पुरतात. पैसे: वीस किरगलचा एक हलाश, वीस हलाशचा एक काइतार. चिलखत: ते च्लेन नावाच्या, ओझी वाहणाऱ्या अवाढव्य जनावराच्या कातड्याचं, ते कातडं प्रक्रिया करून धातूसारखं कडक करतात. आणि तिसरी म्हणजे इथे बड्या माणसाचा अपमान केलात तर सुळावर देतात, खरंच देतात. ही तिसरी गोष्ट लपवून ठेवायची आणि मग 'अरेरे, तुला माहीत नव्हतं का' करत कॅरेक्टर मारायचं, असले जीएम मी बघितलेत, त्यांच्याकडे दुसऱ्या सेशनला कुणी येत नाही.

३. एक लोकल माणूस चिकटवून द्या

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. वस्तीतला एखादा हमाल, दुभाष्या, खानावळवाला, कुणीही चालेल, फक्त त्याने लेक्चर द्यायचं नाही. त्याला या गोष्टी इतक्या उघड वाटतात की तो त्या अर्ध्याच सांगतो. त्सोल्यानू साम्राज्यात देवांचे दोन गट आहेत, पाच स्थैर्याचे आणि पाच परिवर्तनाचे, प्रत्येकाचा एक जोडीदार देव, म्हणजे एकूण वीस. डी अँड डीवरून आलेला प्लेअर हे ऐकून लगेच 'चांगले' आणि 'वाईट' अशी वाटणी करतो. सारकू हा किड्यांचा आणि मढ्यांचा देव, त्याचा पुजारी बाजारातून चाललाय, आणि आपल्या हिरोचा हात तलवारीवर. सोबतचा हमाल हळूच म्हणतो,

'हात काढ तिथून. काढ आधी.'
'अरे पण तो मेलेल्यांना उठवतो ना?'
'मग? देवळात उठवतो. तुझ्या घरी येऊन उठवलं का? करार आहे देवळादेवळांत, उघड मारामारी नाही म्हणजे नाही. नमस्कार कर आणि चल.'

बस. एवढ्यात कळलं की सारकूचा पुजारी इथे प्रतिष्ठित माणूस आहे, करार नावाची चीज आहे, आणि या लोकांना त्यात विचित्र काही वाटत नाही. करार कधी झाला, का झाला, ते प्लेअरने विचारलं तरच, आणि तेव्हाही हमालाला जेवढं माहीत असेल तेवढंच सांगा. मराठीत खेळत असाल तर अजून एक फायदा आहे. त्सोल्यानी भाषेत समोरच्याला काय म्हणायचं याचे दर्जाप्रमाणे ढीगभर प्रकार आहेत, आणि ते दाखवायला आपल्याकडे 'ए', 'तू', 'तुम्ही', 'आपण' तयारच आहे. पहारेकरी 'ए' म्हणतो, दोन महिन्यांनी तोच 'तुम्ही' म्हणाला की प्लेअर्सना न सांगता कळतं आपण कुठे पोचलो.

४. नाव मागून, वास आधी

शहराखालच्या भुयारांत उतरल्यावर दालचिनीचा वास येतो, जुनाट, कुबट दालचिनीचा. सोबतचे मजूर मशाली टाकून पळत सुटतात. तुम्ही काहीही सांगू नका. पळाले तर वर आल्यावर कळेल की तो स्सूंचा वास, माणसं येण्याआधीपासून या ग्रहावर असलेले आणि माणसांचा मनापासून द्वेष करणारे जीव, आणि हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नाही पळाले तर मग काय, खालीच कळेल. पुढच्या वेळी तुम्ही नुसतं 'दालचिनी' म्हणा आणि टेबलवरचे चेहरे बघा.

५. छोट्या चुकीला छोटी किंमत

साकबे रस्ते म्हणजे तटबंदीसारखे उंच, तीन टप्प्यांचे महामार्ग, वरचा टप्पा बड्या लोकांचा आणि सैन्याचा. नवखे तिथे चढले तर सैनिक खाली हाकलतील, लोक हसतील, झालं. कुणाला दुखावलं तर शाम्त्ला, म्हणजे नुकसानभरपाई, पैसे मोजायचे आणि विषय मिटवायचा. खिशाला चाट बसली की नियम बरोब्बर लक्षात राहतो.

६. वही प्लेअर्सची

'आता आपल्याला माहीत असलेलं' अशी एक यादी त्यांनाच ठेवू द्या, त्यांच्या शब्दांत. त्यात आलेली गोष्ट कॅरेक्टरला आठवते का हे ठरवायला पुन्हा कधी फासे टाकायला लावू नका. रोजच्या माहितीला रोल कसला?

७. मग बाजू उलटवा

काही सेशननंतर कुणी आश्रयदाता मिळतो, एखादं कुळ सामावून घेतं, आणि इथे बरेच जीएम गडबडतात, कारण आता कॅरेक्टरला प्लेअरपेक्षा जास्त माहिती असायला हवी, आणि प्लेअर मात्र अजून बोटीतच. आता गुपितं ठेवणं बंद. प्लेअर काहीतरी भलतंच बोलायला निघाला की सरळ थांबवा, 'तू आता वर्षभर इथे राहतोयस, तुला माहितीये की कुळप्रमुखाच्या आधी बसायचं नसतं, तरी बसतोस का?' मग तो बसला तर ते त्याचं पात्र, चूक नव्हे. अधूनमधून उलटा प्रश्नही टाका, 'तुमच्या कुळात बाळ जन्मलं की काय करतात?' आणि तो जे सांगेल ते पक्कं धरा.

यानंतर टेबलवर एखादा नवा प्लेअर आला तर तुम्ही गप्प बसा. जुने चारजण त्याला स्वतःहून सांगायला लागतील, त्यातलं निम्मं बरोबर, थोडं चुकीचं, थोडं त्यांनीच तयार केलेलं. सुळापर्यंत जाणारी चूक सोडली तर मध्ये पडू नका.