ड्रायर धडधडतोय? मागचं पॅनल उघडण्याआधी आवाज ओळखा

नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीतली दोरी असून नसल्यासारखी होते आणि सगळी भिस्त सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरवर येते. हा गरम हवेचा ड्रायर नव्हे; मिनिटाला साधारण १३००-१४०० फेरे घेत कपडे पिळणारा टब. या वेगात एक ओली जीन्स एका बाजूला बसली तरी मशीन जागा सोडतं.

आधी ड्रायर रिकामा चालवा. आवाज बंद झाला तर बिघाड नाही, भरण्यात चूक आहे. कपडे कडेने सारखे दाबून बसवा आणि वरून जाळीचं झाकण घट्ट बसवा. गॅलरीच्या फरशीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, तोही बघा. चाकांच्या ट्रॉलीवर ठेवलेलं मशीन हमखास जास्त थरथरतं.

रिकामाही वाजत असेल तर प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागणार नाही) आणि मागच्या पॅनलचे स्क्रू खोला. कपॅसिटरच्या (मोटरला जोडलेली, वीज साठवणारी डबी) टोकांना हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. टेस्ट लॅम्पच्या (होल्डरमधला बल्ब आणि त्याच्या दोन मोकळ्या वायर) दोन वायर टोकांना टेकवून तो उतरवून घ्या.

खडखड येत असेल तर पहिला संशय कपलिंगवर. मोटरच्या शाफ्टवरचा (फिरत्या दांड्यावरचा) ब्रेक ड्रम हेच कपलिंग, म्हणजे मोटर आणि टब यांचा सांधा. टबचा शाफ्ट त्यात वरून बसतो आणि आडव्या बोल्टने धरला जातो. बोल्टचं टोक शाफ्टच्या खाचेतच बसलं पाहिजे. टब हाताने थोडा थोडा फिरवत बोल्ट आवळा. खाच सापडली की तो आणखी आत जातो. मग लॉकनट घट्ट करा. बहुतेक मशीनला १० चा पाना लागतो. खाच चुकवून नुसताच आवळलेला बोल्ट थोड्याच दिवसांत ढिला होतो आणि शाफ्टवर चरे पाडतो.

चर्र असा घासल्याचा आवाज ब्रेकचा. झाकण लावलं की तार ब्रेक पॅडला ड्रमपासून दूर ओढते, उघडलं की स्प्रिंग त्याला परत चिकटवते. तार ताणून लांबली की पॅड पूर्ण सुटत नाही. झाकण लावून ड्रम मागून हाताने फिरवा. कुठेही अडखळला तर तार एक घर पुढे अडकवा. नंतर झाकण उघडून टब लगेच थांबतो का, हेही तपासा. घरात लहान मुलं असतील तर ही तपासणी टाळू नका.

मोटर तीन स्प्रिंग-रबरांवर उभी असते. एक जरी तुटलं तरी टब तिरका होऊन बाहेरच्या भिंतीवर आपटतो. बदलायचे तर तिन्ही एकदम. दोन जुने आणि एक नवा ठेवला की तोल पुन्हा जातो.

कुईं-कुईं आवाज आणि मोटरवर गंजाचे ओघळ, बोअरच्या पाण्याचं मशीन असेल तर पांढरे डागही, दिसले तर टबाखालचं सील (पाणी मोटरवर उतरू न देणारं रबर) गेलंय. कपलिंगचा बोल्ट सोडा, टब सरळ वर उचला, सील काढा. शाफ्टला जिथे सील बसतं तिथे गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर नवं सीलही लवकर झिजेल. नव्या सीलच्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) पाण्यात टिकणारं ग्रीस बोटभर लावा. खोबरेल तेल मुळीच नको. ते चिकट होतं, शिवाय खाली ठिबकून ब्रेक पॅडवर गेलं तर टब झाकण उघडल्यावरही फिरत राहतो. दुकानात जाताना जुनं सील सोबत न्या, मॉडेलप्रमाणे माप बदलतं.

सील बदलूनही नुसत्या मोटरची घरघर राहिली, तर पाणी तिच्या बेअरिंगपर्यंत पोचलंय. हे काम मोटर वाइंडिंगवाल्याकडे द्या.

आणि पॅनल उघडलंच आहे तर खालची उंदराची जाळी बघून घ्या. पावसाळ्यात उंदीर तिथूनच शिरतात आणि तारा कुरतडतात.